पहिल्या तीन वर्षांचे पैसे

पुण्यातल्या एका लहानशा ट्रस्टमध्ये मी कामाला लागले तेव्हा तिथला अनुदानाचा अर्ज चार पानी होता. पहिल्याच पानावर सूचना होती : मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब जोडावेत. ट्रस्टच्या घटनेत मात्र उद्देश म्हणून लिहिलं होतं, नव्याने उभ्या राहणाऱ्या सामाजिक कामांना साहाय्य करणे. काल सुरू झालेल्या कामाकडे तीन वर्षांचे हिशोब कुठून असणार, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता असं नाही. पण ती सूचना कुठल्या तरी मोठ्या ट्रस्टच्या अर्जावरून जशीच्या तशी उचललेली होती, आणि एकदा छापलेली ओळ काढायची म्हणजे कुणाला तरी सही करावी लागते. ती सही व्हायला बराच काळ गेला. तोवर मी येणाऱ्या प्रत्येकाला फोनवर सांगायची, 'तिथे लागू नाही असं लिहा आणि अर्ज पाठवून द्या.'

आमची ओळ निदान खोडता तरी आली. कायद्यातल्या ओळी खोडता येत नाहीत. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ एप्रिल २०१४पासून लागू झालं तेव्हा आमच्या क्षेत्रात मोठा उत्साह होता. पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी काहीही एक असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. पैसा येणार हे नक्की होतं. आलाही. पण कंपनीला बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचं असेल, तर त्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, असं नियमच सांगतो. परदेशी देणग्यांचं तसंच. एफसीआरए नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने मूळ कामावर पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. पूर्वी एक आडवाट होती. मुंबई-दिल्लीतल्या नोंदणीकृत मोठ्या संस्था परदेशी निधी घेऊन त्यातला थोडा भाग तालुक्यातल्या लहान नोंदणीकृत गटांकडे वळवायच्या. २०२०च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. एकाने घेतलेला परदेशी पैसा आता दुसऱ्याकडे देता येत नाही.

म्हणजे पहिली तीन वर्षं जगायचं कशावर? स्वतःच्या खिशावर, मास्तरकी करणाऱ्या मित्राच्या पगारावर, बायकोच्या शिवणयंत्रावर, आणि नशीब असेल तर आमच्यासारख्या एखाद्या लहान ट्रस्टच्या दीड-दोन लाखांवर.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. महर्षी कर्व्यांचं नाव निघालं की विठ्ठलदास ठाकरसींच्या पंधरा लाखांची गोष्ट हमखास सांगितली जाते. ती देणगी १९२०ची. अनाथ बालिकाश्रम सुरू झाला १८९६ साली. मधल्या चोवीस वर्षांत कर्वे वर्गणी मागत गावोगाव फिरले. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची जमीन दिली, तिथे झोपडी उभी राहिली. त्या जमिनीची आणि झोपडीची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही, कारण आकडा लहान आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आपण शाळेत डोळे भरून ऐकतो. अनुदानाच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला ती ऐकली की रागच जास्त येतो. गावात सावकार होते, बागायतदार होते, सातारा-कोल्हापुरात पैसेवाले होते, आणि मुलांच्या भाकरीसाठी मंगळसूत्र मोडावं लागलं ते काम करणाऱ्याच्याच घरातलं.

आजही मोडतं ते त्याच घरातलं. फक्त तो आकडा कुठल्याही हिशोबात दिसत नाही. मला तो पहिल्यांदा दिसला कोरचीत.

कोरची हा गडचिरोली जिल्ह्याचा छत्तीसगडला लागून असलेला तालुका. वनहक्क कायदा २००६चा, त्याचे नियम २००८चे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ते पाहून आसपासच्या गावांनी दावे करायचं मनावर घेतलं. कोरचीकडच्या काही गावांच्या मागे दोन तरुण होते, दोघेही तिथलेच, एकाची बीए अर्धवट राहिलेली. संस्था नव्हती, नोंदणी नव्हती, बँकेत खातं नव्हतं. आम्ही वडश्याकडच्या एका जुन्या नोंदणीकृत संस्थेला पालक संस्था व्हायची विनंती केली, म्हणजे पैसा त्यांच्या खात्यात आणि काम या दोघांचं. प्रस्ताव आला तो वहीच्या आखीव कागदावर, निळ्या शाईत, मराठीत. मला तो अजून आवडतो, कारण त्यात 'सक्षमीकरण' हा शब्द एकदाही नव्हता.

बजेट एका पानाचं. एसटीचं भाडं आणि मोटारसायकलचं पेट्रोल. एक जीपीएस यंत्र. सभांना चहा-पोहे. झेरॉक्स : अठरा हजार. आणि सगळ्यात खाली, मानधन : शून्य.

विश्वस्तांच्या बैठकीत झेरॉक्सवर गाडी अडली. आमच्यातले एक विश्वस्त बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. 'अठरा हजारांचं झेरॉक्स? छापखाना काढतायत की काय?' मग मी त्यांच्यापुढे एका गावाची नमुना फाइल ठेवली. ग्रामसभेचे ठराव, वनहक्क समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, मतदार यादी, निस्तार पत्रकाची नक्कल, नकाशा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब. या कायद्यात वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं तर तो पुरावा धरला जातो, ही मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची तरतूद वाटते. अशी फाइल प्रत्येक गावाची, आणि प्रत्येक फाइलच्या चार-पाच प्रती. एक गावात राहणार, एक उपविभागाला, एक जिल्ह्याला, एक वनखात्याला. आणि एक जास्तीची. ती जास्तीची कशाला, असं मी त्या पोरांना विचारलं होतं. धाकटा म्हणाला, 'ताई, साहेबाच्या टेबलावरून फाइल गायब झाली की साहेब आपल्यालाच विचारते, तुमच्याकडं कॉपी आहे का म्हणून.' बँकवाले विश्वस्त यावर हसले. टेबलावरून फाइल गायब होणं त्यांनाही ओळखीचं होतं. झेरॉक्स मंजूर झालं.

मला खटकत होता तो शून्य. बैठकीच्या आधी मी त्या दोघांना विचारून घेतलं होतं, खाता काय? मोठा म्हणाला, भावाकडे राहतो, त्याची धानाची शेती आहे. धाकटा नुसताच हसला. मग कळलं, मानधन मागितलं तर पैसा मिळत नाही, असं त्यांना कुणीतरी ठामपणे सांगितलेलं होतं. सांगणारा खोटं बोलला नव्हता. देणाऱ्याला शाळेची भिंत आवडते, तिच्यावर नाव लिहिता येतं. शिलाई मशीन आवडतं, त्याचा फोटो निघतो. माणसाच्या पोटाला पैसे द्यायचे म्हटलं की त्याला ते वाया गेल्यासारखे वाटतात. कायदाही त्याच वळणाचा. २०२०च्या त्याच दुरुस्तीने परदेशी निधीतला प्रशासकीय खर्च पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणला. कंपन्यांच्या नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे, ती खरं पाहता कंपनीने सीएसआर विभाग चालवायला स्वतःवर करायच्या खर्चाची. पण कितीतरी कंपन्या तीच पाच टक्क्यांची पट्टी संस्थेच्या बजेटवर ठेवतात, आणि संस्थेत कुणी नियम उघडून वाचलेला नसतो.

आम्ही दोघांना दरमहा सात-सात हजार धरले. शिवाय आणखी एक हेड मागाहून घातलं : बुडीत मजुरी. सीमा दाखवायला गावातले म्हातारे जंगलात चालत जात. हा नाला, ही पाट, इथे आमचा देव, इथे आजा पुरला, या पट्ट्यातून बांबू आणायचो. त्यात दिवस जायचा, आणि त्यांच्यातले बरेच जण रोजंदारीवर जाणारे. ज्याची मजुरी बुडाली त्याला त्या दिवसाचे पैसे द्यायचे, एवढं साधं. एका विश्वस्ताला हे पटेना. गावाचं काम गावाने फुकट करावं, असं त्यांचं म्हणणं. स्वतः ते आमच्या बैठकीला टॅक्सीने येत आणि भाड्याची पावती न विसरता अकाउंटंटकडे देत.

दावे मंजूर व्हायला आमच्या अनुदानाच्या मुदतीपेक्षा कितीतरी जास्त काळ लागला. प्रगती अहवालात पहिल्या वर्षी 'मंजूर दावे' या ओळीपुढे काही नव्हतं, दुसऱ्या वर्षीही नव्हतं. पुढे हक्क मिळाले, तेंदूपानांचा लिलाव ग्रामसभा स्वतः करू लागल्या, आणि त्या पैशातून एका ग्रामसभेने धाकट्याला हिशोबनीस म्हणून ठेवलं. आमच्या सात हजारांपेक्षा जास्तीवर.

कृतज्ञता निधीची आठवण इथे काढायलाच हवी. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. त्यासाठी नामवंत नटांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, लोकांनी तिकिटं काढली. पैसा कार्यकर्त्याच्या चुलीपर्यंत पोचला पाहिजे, ही गोष्ट या माणसांना पक्की ठाऊक होती. प्रकल्प-प्रस्ताव-परिणाम या सगळ्या भाषेच्या कितीतरी आधीची ही समज आहे, आणि माझ्या मते जास्त बरोबर.

त्या भाषेबद्दल थोडं बोलायला हवं. पुढे पुढे आमच्याकडे येणारे प्रस्ताव इतके एकसारखे व्हायला लागले की पहिला परिच्छेद मी वाचणंच सोडलं. 'सदर प्रकल्पांतर्गत लाभार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी...' पालघरच्या एका प्रस्तावात मधेच जळगाव जिल्ह्यातली केळी आली होती. प्रस्ताव लिहून देणारे लोक आता जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात आणि मंजूर रकमेवर टक्केवारी घेतात. त्यांना तरी नावं कशी ठेवू? अर्ज इंग्रजीत मागायचा, त्यात 'आउटपुट' वेगळं आणि 'आउटकम' वेगळं लिहायला सांगायचं, आणि मग गावातल्या बाईने तो स्वतः लिहावा अशी अपेक्षा करायची, हे देणाऱ्यांचंच काम. आम्ही शेवटी ठरवलं की मराठीत, हाताने, हवं तर फोनवर बोलून रेकॉर्ड केलेलंही चालेल. अर्ज वाढले नाहीत. जे आले ते बरे होते.

बीडच्या ताईंचा अर्ज असाच फोनवर आला. त्या स्वतः ऊसतोडीला जाणाऱ्या, नवरा गेल्यावर दोन मुलं घेऊन माहेरी आलेल्या. त्यांना गावोगावच्या एकट्या बायका एकत्र आणायच्या होत्या. विधवा, टाकलेल्या, लग्न न झालेल्या, कुणाची शिधापत्रिका सासरच्या घरात अडकलेली, कुणाचं सातबाऱ्यावर नावच नाही. मी विचारलं, वर्षभरात काय होईल? त्या म्हणाल्या, 'वर्षभरात बाया बैठकीला येतील.' मी थांबले. त्यांनी आणखी काही सांगितलं नाही.

मी त्यांच्या एका बैठकीला गेले, मारुतीच्या देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बायका आल्या, पण देवळाच्या बाजूने नाही, मागच्या बोळातून, एकेक करून. काहींनी पदर इतका पुढे ओढलेला की चेहरे दिसत नव्हते. विषय होता संजय गांधी निराधार योजनेचा. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागायचा. एक बाई हळूच म्हणाली, तलाठ्याकडे गेलं की तो विचारतो, सोबत कोण आहे? ताई म्हणाल्या, उद्यापासून सोबत आपण सगळ्या. त्यानंतर बराच वेळ फक्त कुणी कुठल्या दिवशी कुणाबरोबर जायचं, सकाळची कुठली गाडी, पोरं कुणाकडे ठेवायची, एवढंच ठरत होतं. मला प्रमुख पाहुणी म्हणून शाल-श्रीफळ देण्याचा बेत होता, तो मी मोडून काढला. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची आमटी मात्र नाकारली नाही.

ताईंच्या पहिल्या वर्षाच्या अहवालात होती बैठकांची यादी आणि हजेरी. बस. ऊसतोडीच्या हंगामात, दिवाळीनंतरचे सहा महिने, हजेरी जवळजवळ शून्यावर, कारण बायका कारखान्यांच्या फडावर. अशा अहवालावर दुसरा हप्ता सोडायचा की नाही, यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली. सोडला. शिधापत्रिका दुसऱ्या वर्षी निघायला लागल्या, सातबाऱ्यावर नावं लागायला त्याहून उशीर झाला. पहिल्या वर्षी माणसं एकमेकांना ओळखायला शिकतात, आणि ते मोजता येत नाही. ज्यांना मोजलेलंच हवं, त्यांनी या वयातल्या कामाला पैसे देऊ नयेत. तिसऱ्या वर्षानंतर यावं.

तिसऱ्या वर्षानंतर येणारे येतातच, आणि त्यांचाही एक धोका आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवणारा एक गट आमच्या डोळ्यांसमोर वाढला. मुलं आजीकडे झोपायची, जेवण-अभ्यास गटाकडे, खर्च वर्षाला दोन-अडीच लाख. तीन वर्षं पूर्ण झाली, कागद झाले, आणि एका कंपनीने एकदम चाळीस लाख देऊ केले. नाही म्हणायला हिंमत लागते, ती भल्याभल्यांकडे नसते. टॅब आले, जीप आली, पुण्याहून प्रकल्प समन्वयक आले, गावातल्या ज्या दोन मुली जेवण आणि अभ्यास सांभाळत होत्या त्यांना 'पात्रता नाही' म्हणून मदतनीस केलं गेलं. दोन वर्षांनी कंपनीचा प्राधान्यक्रम बदलला, पाणलोट झाला. जीप विकली. मुली तोवर लग्न होऊन गेल्या होत्या. दोन लाखांत चालणारं काम चाळीस लाखांत बंद पडलं. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही. करार होता, करारातली मुदत संपली. पण वाढ म्हणजे दरवर्षी थोडं जास्त, एवढं तर आपल्याकडे भिशी चालवणाऱ्या बाईलाही कळतं.

आमच्या ट्रस्टने दिलेले सगळेच पैसे फळाला आले असंही नाही. काही गट फुटले, एक जण निवडणुकीला उभा राहिला आणि परत दिसला नाही, एका ठिकाणी दोन भावांनी एकच व्हाउचर दोनदा लावलं. तरी एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली. बँकवाल्या विश्वस्तांचा हट्ट असायचा की पैसा कशालाही वापरा, पण किर्द रोज संध्याकाळी बंद झाली पाहिजे. मला सुरुवातीला तो म्हातारपणाचा चाळा वाटे. पण जे गट रोजची किर्द लिहीत ते टिकले. लेखापरीक्षणाची भीती हे त्यातलं लहान कारण होतं. रोज संध्याकाळी दोन-तीन माणसं एकत्र बसून आज कुठे किती गेले हे मोठ्याने वाचत, आणि तिथेच भांडणं मिटत, हे मोठं. बीडच्या ताईंना लिहिता येत नव्हतं. किर्द त्यांची सहावीतली मुलगी लिहायची. पाच हजारांवरच्या पावतीला महसुली तिकीट लावायचं असतं, हे आमच्या नव्या अकाउंटंटच्या आधी त्या मुलीला माहीत होतं.

गणपतीत 'लोकसत्ता' 'सर्वकार्येषु सर्वदा'मधून दरवर्षी दहा संस्थांची ओळख करून देतो आणि मध्यमवर्गीय माणसं आपापले धनादेश पाठवतात. २०११पासून चाललेला हा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या मराठी माणसांचं महाराष्ट्र फाउंडेशन कार्यकर्त्यांना पुरस्कार देतं, तेही. पण वर्तमानपत्रात नाव यायला किंवा पुरस्कार मिळायला आधी काम उभं राहावं लागतं, आणि या दोन्हींच्या वाटेवर ती तीन वर्षं येतातच.

तेव्हा वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आईच्या वर्षश्राद्धाला, मुलाच्या पहिल्या पगारातून किंवा दिवाळीच्या बोनसमधून काही द्यायचं मनात असेल, तर त्यातला निम्मा वाटा मोठ्या संस्थेला जरूर द्या. उरलेला निम्मा आपल्या तालुक्यातल्या अशा एखाद्या गटाला द्या, ज्याला अजून तीन वर्षं व्हायची आहेत. त्याच्याकडे ऐंशी-जीचा कागद नसेल, कराची सवलत मिळणार नाही, तेवढं सोसा. आधी एकदा जाऊन या, त्यांची किर्द बघायला मागा. आणि धनादेशासोबतच्या चिठ्ठीत एक ओळ लिहा : मानधनासाठी वापरले तरी चालतील.